उलट टपाली

तुळशीच्या लग्नाला यंदा आत्याकडे गेले होते. पाटणजवळचं तिचं गाव, मागं डोंगर, पुढं ऊस, आणि घरात ती एकटी. परात माळ्यावर होती म्हणून स्टुलावर चढले. परातीच्या मागं हात गेला तशी काचेला काच लागल्याचा आवाज आला. एकामागून एक सात बाटल्या निघाल्या. तळहाताएवढ्या, हिरव्या काचेच्या, स्वच्छ धुतलेल्या, बुचं घट्ट लावलेल्या. लेबलं तेवढी तशीच होती. गुडघ्यावर हात ठेवून हसणारी बाई, शेजारी पांढरा डगला घातलेला माणूस, आणि वर ठसठशीत अक्षरांत 'संधिवातावर रामबाण'. एक बूच उघडून नाकाशी धरलं. कापूर, निलगिरी, आणि त्याखाली दबलेला तिळाच्या तेलाचा वास. टीव्हीवर नंबर यायचा, आत्या फोन करायची, कुरिअरवाला दारात बाटली देऊन पैसे घेऊन जायचा. एक बाटली २,४९० रुपयांची. आतोबांच्या मागं तिला जी पेन्शन येते, ती या रकमेच्या निम्मीसुद्धा नाही.

मी रागावले. फार रागावले. तिळाच्या तेलात कापराची वडी टाकली की झालं हे तेल, तुला कुणी सांगितलं नाही का, मला एक फोन करायचास की, असं बरंच काही बोलले. आवाज चढला होता, हे मला माझं मलाच ऐकू येत होतं. आत्या काही बोलली नाही. अंगणात ऊस उभे केले, वृंदावनाला गेरू लावला, बोरं-चिंचा-आवळे तुळशीच्या मुळाशी ठेवले. मंगलाष्टकं झाली, आळीतली पोरं चुरमुरे-बत्तासे घेऊन पांगली. दिवे विझायला आले तेव्हा ती जोत्यावर पाय लांब करून बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबत म्हणाली, "ती पोरगी दर पंधरा दिवसांनी फोन करते. काकू, आता जिना चढता येतो का, रात्री झोप लागते का, असं विचारते. तेलाचं ऱ्हाऊ दे गं. पण ती विचारते."

मला त्यावर काही बोलता आलं नाही.

पुण्याला परत आले तरी ते मनातून जाईना. मी कायदा शिकलेली. आपल्याकडे करार कायद्याचा पेपर दिलेल्या कुणालाही मध्यरात्री उठवून कार्लिल खटला विचारा, तो सांगेल. १८९१ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या 'पॅल मॅल गॅझेट'मध्ये जाहिरात आली होती. आमचा कार्बोलिक स्मोक बॉल दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सांगितल्याप्रमाणे वापरूनही कुणाला इन्फ्लुएन्झा झाला तर त्याला १०० पौंड बक्षीस, आणि आमच्या शब्दाची खात्री म्हणून रीजंट स्ट्रीटच्या अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. लुईझा कार्लिल नावाच्या बाईंनी तो गोळा घेतला, नेमानं वापरला, आणि त्यांना इन्फ्लुएन्झा झालाच. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती, कोण मनावर घेतं. कोर्टानं डिसेंबर १८९२ मध्ये सांगितलं, घ्यायचं असतं मनावर, पैसे द्या. आम्ही उत्तरपत्रिकेत लिहायचो : साऱ्या जगाला केलेला प्रस्ताव, अटी पाळणं हीच स्वीकृती, कळवण्याची गरज नाही. मार्क मिळायचे. एवढ्या वर्षांत त्या बाईंच्या नाकाचा विचार मात्र मी एकदाही केला नव्हता.

तो गोळा रबराचा होता. आत कार्बोलिक ॲसिड लावलेली पूड, आणि वर एक नळी. नळी नाकपुडीत घालायची, गोळा दाबायचा, आणि धुरासारखी उडालेली पूड आत ओढायची. फरशी पुसायच्या फिनेलचा किंवा जुन्या लाल साबणाचा वास आठवा, आणि तो थेट टाळूपर्यंत गेलाय अशी कल्पना करा. नाक वाहायला लागायचं, आणि नाक वाहून गेलं की रोग बाहेर पडला, अशी त्यामागची समजूत. कार्लिलबाईंनी २० नोव्हेंबरला दहा शिलिंग मोजून तो घेतला आणि १७ जानेवारीपर्यंत रोज तीनदा वापरला. जवळजवळ दोन महिने. भर थंडीत, सकाळ-दुपार-रात्र. त्या वर्षी लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ होती, आणि त्या आजारी पडल्या त्याच्या तीनच दिवस आधी खुद्द व्हिक्टोरिया राणीचा नातू, वडिलांनंतरचा गादीचा वारस प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर, त्याच रोगानं गेला होता. राजवाड्यातले डॉक्टर जिथं हरले तिथं मध्यमवर्गीय घरातल्या बाईनं दहा शिलिंगांचा रबरी गोळा विकत घेतला, तर तिला वेडी कसं म्हणायचं? मी माझ्या आत्याला जवळजवळ तेच म्हटलं होतं.

मग मी वाचत गेले. कामाचे कागद बाजूला सारून दीड-दोन महिने रोज रात्री त्या काळातल्या औषधांचंच वाचत होते.

त्यांना 'पेटंट' औषधं म्हणायचे, पण बहुतेकांचं पेटंट कुणी घेतलेलंच नसायचं. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते सरकारदरबारी लिहून द्यावं लागतं, आणि सगळा धंदा तर ते न सांगण्यावर चाललेला. नाव, बाटलीचा आकार, लेबल, सही, एवढंच राखलेलं. उलट इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर कर होता. शिलिंगभराच्या डबीवर दीड पेनीचा सरकारी स्टँप चिकटवायचा. म्हणून त्या काळातल्या जाहिरातींत एक शिलिंग दीड पेनी ही विचित्र किंमत सतत दिसते. कर गोळा करायला लावलेला तो कागदाचा कपटा लोकांना मात्र सरकारची ग्वाही वाटायचा, आणि विकणारे तसं वाटू द्यायचे. आत्याच्या बाटल्यांवरही कसलासा गोल सोनेरी शिक्का होता. तो मी नखानं खरवडून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसता सोनेरी गोल.

बीचमच्या गोळ्यांपाशी मी बराच वेळ अडकले. थॉमस बीचम हा ऑक्सफर्डशायरमधला मेंढपाळ पोरगा, गुरांची आणि माणसांची जडीबुटी शिकत शिकत लँकेशायरच्या बाजारांतून गोळ्या विकायला लागला. १८५९ मध्ये सेंट हेलेन्सला त्यानं जाहिरात दिली, 'एका डबीचं मोल एक गिनी'. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि डबी मिळायची सव्वा शिलिंगाच्या आत. पोट साफ न होण्यापासून डोकेदुखीपर्यंत आणि बायकांच्या तक्रारींपासून वाईट स्वप्नांपर्यंत सगळ्यावर ती चालायची म्हणे. पुढं १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तकच काढलं. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर एलो, सुंठ आणि साबण. एलो म्हणजे आपला काळा बोळ. आजीच्या बटव्यातला, मुका मार लागला की सहाणेवर उगाळून लावायचा तो. छप्पन्न गोळ्यांना लागणाऱ्या मालाची किंमत त्यांनी काढली, अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. विक्रीची किंमत चोपन्न फार्दिंग. म्हणजे एकशे आठ पट. कागदावर हा गुणाकार करताना आत्याच्या तेलाचा हिशेब मी शेजारीच मांडला होता, आणि दोन्ही हिशेब बघून पुन्हा तोच राग आला. त्या पुस्तकाची जाहिरात छापायला कित्येक वर्तमानपत्रांनी नकार दिला होता, हे वाचून तर जास्तच. अमेरिकेत त्याहून पुढची पायरी होती. औषध कंपन्या वर्तमानपत्रांशी जाहिरातींचे जे करार करायच्या त्यांत एक कलम असे : तुमच्या राज्यात आमच्या धंद्याविरुद्ध कायदा झाला तर हा करार रद्द. १९०५ मध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकानं ते कलम उघड्यावर आणलं. साधं, दोन ओळींचं कलम. मी आयुष्यभर करार वाचत आले आहे, आणि इतक्या थोड्या शब्दांत इतक्या लोकांचं तोंड बंद केलेलं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

पण राग एकसारखा टिकत नाही. थॉमस हॉलोवेपाशी आले आणि तो पातळ झाला. हॉलोवेनं १८३७ मध्ये आपलं पहिलं मलम आईच्या स्वयंपाकघरात, आईच्याच भांड्यात शिजवलं. नंतर गोळ्या आल्या, त्यांतही काळा बोळ होताच. १८८३ मध्ये तो गेला तेव्हा वर्षाला ५०,००० पौंड नुसत्या जाहिरातींवर उधळत होता. चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक देशी भाषांतून त्याच्या औषधांची माहितीपत्रकं निघत. त्या पैशाचं त्यानं काय केलं? मनोरुग्णांसाठी इमारत बांधली, आणि बायको गेल्यावर तिच्या आठवणीसाठी मुलींचं कॉलेज. लंडनबाहेर एगमला लाल विटांचा, मनोऱ्यांचा तो राजवाडाच आहे, आणि १८८६ मध्ये त्याचं उद्घाटन करायला व्हिक्टोरिया राणी स्वतः आली होती. ज्या काळात मुलींना बऱ्याच विद्यापीठांच्या दारात उभं करत नव्हते त्या काळात शेकडो मुली तिथं शिकल्या. जगभरच्या गरिबांनी न उतरणाऱ्या दुखण्यांवर पेन्या-पेन्या मोजल्या, त्यातून त्या विटा आल्या. हे चांगलं झालं की वाईट, यावर मी कितीतरी रात्री स्वतःशीच वाद घातला. अजून माझं एक मत झालेलं नाही.

आणि सगळीच औषधं पोकळ नव्हती, हे तर आणखी अवघड. काही फार चांगली लागू पडत. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतला डॉक्टर. पटकीच्या साथीत जुलाब थांबावेत, कळा थांबाव्यात म्हणून १८४८ च्या सुमाराला त्यानं क्लोरोडाइन केलं. अफूचा अंश, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबत, कळा थांबत, माणूस झोपत असे. कुणालाही वाटेल की हे अमृत आहे. ज्या घरात ते एकदा गेलं तिथून ते निघत नसे, आणि काही घरांतून माणसंच निघून गेली.

लहान मुलांच्या बाटल्यांचं लिहायचं मी पुढं पुढं ढकलत होते.

इंग्लंडात गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं काकवीसारखं गोड सरबत मिळायचं. मँचेस्टर, प्रेस्टन, नॉटिंगहॅम, जिथं जिथं गिरण्या आणि कारखाने होते तिथं वाण्याच्या दुकानातसुद्धा. त्यात अफू असे. आई पहाटे गिरणीत जाणार, मूल शेजारच्या म्हातारीकडं, म्हातारीकडं अशी पाच-सहा मुलं. सगळ्यांना चमचा-चमचा दिला की दिवसभर घरात चिडीचूप. अफू बाटलीच्या तळाशी बसे, त्यामुळं वरचा चमचा आणि शेवटचा चमचा सारखा नसे. अमेरिकेत मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप १८४९ पासून, दात येणाऱ्या मुलांसाठी. त्यात मॉर्फिन. जाहिरातीच्या चित्रात मऊ बिछाना, शांत आई, गुटगुटीत बाळ. सगळी मुलं काही जास्त मात्रेनं मेली नाहीत. पुष्कळशी नुसती झोपून राहिली, भूक लागली म्हणून रडली नाहीत, आणि न रडणाऱ्या मुलाला कुणी पाजलं नाही. सुकत सुकत गेली. डॉक्टरनं दाखल्यावर अशक्तपणा लिहिला.

हे वाचत असताना मला पुस्तक मिटावं लागलं, कारण हे मी लहानपणी ऐकलं होतं. इंग्लंडचं नव्हे, लालबागचं. माझी पणजी, म्हणजे आत्याची आजी, मुंबईला गिरणीत वाइंडिंग खात्यात कांड्या भरायला होती. भोंगा व्हायच्या आत ती बाळाला 'बाळागोळी' चाटवून निघायची. बाळागोळीत अफू असते हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि १९२० च्या दशकात सरकारनं गिरणीतल्या बायकांची पाहणी केली तेव्हा तेही कागदावर आलं. आमच्या घरात पणजीच्या थोरल्या मुलाचं नाव कुणी घेत नसे. त्याला नाव ठेवलं होतं की नाही, हेही मला सांगता येणार नाही. एकदाच, कुणाच्या तरी बारशाला, पणजी पाळण्याची दोरी धरून आत्याला म्हणाली होती, "झोपला, तो झोपलाच." आत्यानं ते मला सांगितलं, आणि मी आता इथं लिहिते आहे. लँकेशायरच्या आईला आणि माझ्या पणजीला तो सुती धागा एकच होता, भोंगा एकसारखाच होता, आणि मूल कुणाकडं ठेवायचं या प्रश्नाला दोघींनाही तेच एक उत्तर मिळालं. बाटलीवरच्या लेबलानं लँकेशायरच्या आईला फसवलं हे खरं आहे. पण लेबल नसतं तर ती काय करणार होती? माझ्या पणजीच्या गोळीला तर लेबलही नव्हतं.

लिडिया पिंकहॅमची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण आत्याचं बोलणं मला तिथं समजलं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लिन गावी ही बाई राहायची. शेजारपाजारच्या बायकांना पाळीच्या, बाळंतपणानंतरच्या दुखण्यांवर एक काढा करून द्यायची, फुकट. १८७३ च्या मंदीत नवरा बुडाला, आणि १८७५ पासून घरच्या चुलीवरचा तो काढा बाटल्यांत भरून विकायला लागले. त्यात तिकडच्या चार-पाच मुळ्या होत्या, आणि मेथीदाणे. वाचताना मेथी बघून माझा हात थांबला. बाळंतिणीला मेथीचे लाडू आपण कशासाठी देतो? शिवाय त्यात अठरा टक्क्यांच्या आसपास दारू, टिकावं म्हणून असं कंपनीचं सांगणं. आणि लिडियाबाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या! १८७९ पासून तिचा चेहरा जाहिरातींत यायला लागला. पांढरी लेस, नीट विंचरलेले केस, कुणाच्याही मावशीसारखा समजूतदार चेहरा. आणि खाली विनंती : मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. संकोच न करता सगळं लिहा. तुमचं पत्र कुणी पुरुष वाचणार नाही.

बायकांनी लिहिलं. ढिगानं लिहिलं. शेतावरून, खाणींच्या गावांतून, जिथं शेजारीण चार मैलांवर अशा घरांतून. अंगावरून जाणारं पांढरं, न थांबणारा रक्तस्राव, ओटीपोटातली कळ, नवऱ्याला सांगता येत नाही, डॉक्टर पुरुष आहे, तो विचारत नाही आणि विचारलं तरी सांगणार कसं. आणि डॉक्टर काय करत होते तेही बघायला हवं. पाऱ्याचं कॅलोमेल देत होते, जळवा लावत होते, आणि १८७२ पासून तर 'नसांच्या' तक्रारीवर धडधाकट बीजकोश कापून काढायची शस्त्रक्रिया सुरू झाली होती, जिच्यातून बऱ्याच बायका जिवंत उठल्या नाहीत. त्यापुढं मेथीचा, थोडी नशा देणारा काढा, आणि त्यासोबत उलट टपाली आलेलं उत्तर. उत्तरात औषधाची जाहिरात असेच. पण मोकळी हवा घ्या, घट्ट कपडे घालू नका, हलकं खा, असं काहीबाहीही असे. मुख्य म्हणजे वर नाव लिहिलेलं असे. जिनं विचारलं तिचं स्वतःचं नाव.

लिडिया पिंकहॅम १७ मे १८८३ ला वारली. पत्रं येत राहिली, उत्तरं जात राहिली, जाहिराती तशाच. तब्बल बावीस वर्षांनी, १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'नं कंपनीची एक जाहिरात छापली, ज्यात मिसेस पिंकहॅम आपल्या प्रयोगशाळेत बसून बायकांची सेवा करताहेत असं म्हटलं होतं. शेजारी त्यांच्या थडग्याचा फोटो दिला, तारखेसकट. मग कंपनीनं सांगितलं की हल्ली पत्रं सूनबाई बघतात. या काढ्याची विक्री त्यानंतरही चालूच राहिली. मी खूप वेळ त्या फोटोचाच विचार करत होते. एका मेलेल्या बाईला हजारो जिवंत बायकांनी आपल्या पोटातलं सांगितलं. त्यांना तिच्याखेरीज कुणी विचारलं नव्हतं.

त्या तारखेपाशी मी एकदम दचकले होते. मे १८८३. आमच्या आनंदीबाई जोशी तेव्हा बोटीवर होत्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. लिनमध्ये लिडियाबाईंनी डोळे मिटले तेव्हा अठरा वर्षांची नऊवारीतली ही मुलगी समुद्रात होती. त्याच्या आधीचं तर सगळं टपालातूनच घडलेलं. नवरा टपाल खात्यात. त्यांनी अमेरिकेला धाडलेलं पत्र तिथल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं, ते दाताच्या डॉक्टरकडं ताटकळत बसलेल्या मिसेस कार्पेंटर नावाच्या बाईंनी वाचलं, आणि त्यांनी उलट टपाली उत्तर धाडलं. कलकत्त्यात आनंदीबाईंचं डोकं सतत दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची. हे पत्रातून कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली. गुण आला नाही. पण दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. पुढं कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगितलं की हिंदुस्थानात बायकांना बाई डॉक्टर हवी आहे, आपलं दुखणं त्या पुरुषाला सांगत नाहीत. लिनला येणाऱ्या पत्रांत बायका हेच तर लिहीत होत्या. एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, एकच गोष्ट. एकीकडं त्या गोष्टीची बाटली झाली, आणि दुसरीकडं एक मुलगी तिच्यासाठी बोटीत बसली. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं पुरं व्हायच्या आत, पुण्यात गेली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडं पाठवली. तीही समुद्रापार गेली.

अमेरिकेत कंपन्यांकडं आलेल्या त्या पत्रांचं पुढं काय व्हायचं, तेही वाचलं. काम झालं की त्यांचे गठ्ठे दलालांना विकत. कर्करोगाची पत्रं वेगळी, बायकांची वेगळी, बहिरेपणाची वेगळी. दुसरी कंपनी ती विकत किंवा भाड्यानं घ्यायची आणि त्या पत्त्यांवर आपली पत्रकं पाठवायची. पुरुष वाचणार नाही म्हणून लिहिलेला मजकूर असा हातोहात फिरायचा. मी आत्याला फोन लावला आणि विचारलं, तेलवाल्यांखेरीज आणखी कुणाचे फोन येतात का? तिला नवल वाटलं. "येतात की. साखरेच्या औषधाचे येतात, केसांच्या तेलाचे येतात. मला साखर नाही गं. पण त्यांना माझं नाव कसं म्हाईत कोण जाणे."

डिसेंबरात मी पुन्हा गेले आणि तिला कराडला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. अडीच तास बसलो. बाहेर चाळीसेक माणसं, बहुतेक बायका, बहुतेकींचा हात गुडघ्यावर. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, म्हणाले, कूर्चा झिजली आहे, वय आहे, मांडी घालून बसू नका, हे व्यायाम करा, ही गोळी दुखलं तरच. चार मिनिटं. ते वाईट बोलले नाहीत. खरं तेच बोलले. आत्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोवर पुढची बाई आत आली होती. मी वहीत व्यायाम लिहून घेत होते. तिला काय सांगायचं होतं, हे मीही विचारलं नाही. बाहेर जिना उतरताना लक्षात आलं, तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. रात्री दोनला दुखतं. बरोब्बर दोनला. तेच सांगणार होते."

परतीच्या एसटीत खिडकीशी ती, शेजारी मी, तिच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट. सुपन्याच्या पुढं फोन वाजला. तिनं स्क्रीन बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, कोवळा, थोडा थकलेला. "काकू, आता बरं आहे का?" आत्यानं सगळं सांगितलं. अडीच तास, उजेडात धरलेला फोटो, झिजलेली कूर्चा, रात्रीचे दोन. तेल आता नको म्हणाली, स्पष्ट म्हणाली. मग पलीकडून ती मुलगी काहीतरी बराच वेळ, हळू आवाजात बोलत राहिली. एसटीच्या खडखडाटात मला शब्द लागेनात. आत्या नुसती हं हं करत होती. मग म्हणाली, "किती वय म्हणालीस? मग एवढ्यात कशाला. तिला उकिडवं बसू देऊ नको. आणि बाटलीबिटली नको, आधी फोटो काढून घे. आईला म्हणावं घाबरू नको."

मल्हारपेठेला गाडी थांबली. फोन कमरेच्या पिशवीत ठेवून आत्यानं पाकीट नीट आडवं केलं.

"तिच्या आईचा पण गुडघा," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी मीच लावते तिला."